आधी विहीर बघ

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागली नाही बघ. "ताई, इगतपुरीला फ्लॅट बघितला, गॅलरीतून डोंगर दिसतो, अक्षय तृतीयेपर्यंत बुक केला तर पार्किंग फुकट," हे सगळं तू एका दमात सांगून टाकलंस. तुझ्या आवाजात इतका आनंद होता की त्यावर काही बोलायला जीभ रेटेना. शिवाय मागे तुझ्या सासूबाई बसलेल्या, टीव्ही चालू. पण जे मला ठाऊक आहे ते तुला न सांगता गप्प बसले, तर थोरली कसली मी? म्हणून आज दुपारी सगळं आवरून पंख्याखाली बसलेय आणि लिहितेय. चहा घेऊन बस आणि शेवटपर्यंत वाच.

तुझी हौस मला कळते गं. चैत्र लागला की आपल्या भिवंडीत काय होतं ते आपण दोघी जन्मापासून बघतोय. सकाळी दहालाच पत्रा तापतो. खाडीकडची दमट हवा, अंगभर घाम आणि त्या घामाला चिकटलेली मागावरची तूस. दुपारी शेजारचे माग एकदम थांबतात, आणि त्या शांततेनेच आपल्याला कळतं की लाईट गेली. मग लहान मुलं फरशीवर ओला पंचा अंथरून लोळतात. अशा वेळी कुणाला वाटणार नाही, की वर घाटात आपली एक खोली असावी, खिडकी उघडली की वारा यावा? मलाही वाटतं. आई तर आयुष्यभर म्हणत राहिली की एकदा थंड हवेच्या ठिकाणी महिनाभर राहायचंय. तिचं राहून गेलं. त्यामुळे तुला "घेऊ नकोस" असं मी म्हणत नाहीये. मी म्हणतेय, घाईने घेऊ नकोस, आणि दाखवतील तेवढंच बघून घेऊ नकोस.

आता हे इगतपुरीचं वेड आपल्याकडे एवढं का आलं? रस्त्यामुळे. समृद्धी महामार्ग नागपूरहून निघून ७०१ किलोमीटर येतो आणि संपतो कुठे, तर आपल्याच तालुक्यात, आमण्याला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. कसारा घाटात ट्रकच्या मागे गाडी रांगत न्यायची, पोरांना उलट्या व्हायच्या, तिथे आता सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा आहे. तेव्हापासून प्रत्येक जाहिरातीत "भिवंडीपासून एक तास" आलंच. अगं, पण हा तास आमण्यापासून मोजलेला असतो. तुझ्या बिल्डिंगपासून नाही. तू एकदा शुक्रवारी संध्याकाळी सहाला धामणकर नाक्यावरून निघ, गोदामांचे ट्रक सुटलेले असताना, आणि घड्याळ लावून बघ. परतीचं रविवारी रात्रीचंही बघ. आणखी एक, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. तुझा मोठा मुलगा बाईकवरून जायच्या गोष्टी करतो ना, त्याला घाटातूनच जावं लागेल. तुझ्या सासऱ्यांना गाडी लागते म्हणून ते रेल्वेने यायचं म्हणतील, तर लोकल कसाऱ्यापर्यंतच आहे. पुढे लांब पल्ल्याची गाडी, नाहीतर जीप.

आणि थंडी. हे कुणी स्पष्ट सांगत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. माथेरान आठशे. इगतपुरी जेमतेम सहाशे. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे सहाशे मीटरला चार अंशांचा फरक. रात्री वारा सुटतो, छान वाटतं, पांघरूण लागतं, हे खरं. पण एप्रिलमधल्या दुपारी दोनला तिथेही ऊन चटके देतं. तू फ्लॅट बघितलास तो संध्याकाळी साडेपाचला, हो ना? मला वाटलंच. ते लोक गाडी पाठवतात तीच अशा वेळी, की सूर्य डोंगराआड जाताना आपण गॅलरीत उभे असावं.

मी मागच्या वर्षी चैत्रातच माझ्या जाऊबाईंबरोबर तिकडे एक जागा बघायला गेले होते. तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. सॅम्पल फ्लॅटमध्ये एसी लावलेला, कोकम सरबताचा कागदी पेला हातात दिला, भिंतीवर हिरव्यागार डोंगराचा आणि धबधब्याचा मोठा फोटो. खिडकीतून तोच डोंगर दिसत होता, पण नुसता तपकिरी, गवत जळलेलं. फोटो ऑगस्टमधला. जाऊबाई टाइल्स बघत होत्या. मी मागच्या दाराने बाहेर आले. तिथे वॉचमनची खोली होती. त्याची बायको दोन हंडे घेऊन निघाली होती. मी विचारलं, "बाई, पाणी कुठून आणता?" ती म्हणाली, "या ना, दाखवते."

दहा मिनिटं चाललो असू. उतारावर एक जुनी दगडी विहीर. काठावर हंड्यांची रांग, कळशा, प्लास्टिकचे डबे, आणि ज्या बायका दमून सावलीला गेल्या होत्या त्यांचा नंबर म्हणून ठेवलेले दगड. विहिरीत डोकावले तर तळाशी, परातीएवढं पाणी. एक मुलगी, दहा-बारा वर्षांची असेल, पायऱ्या संपल्यावर खाली उतरून बसली होती. ती तांब्याने पाणी गोळा करायची, ते गाळून हंड्यात ओतायची, मग वरून दोराने हंडा ओढायचा. हंडा दगडाला घासला की खर्रर्र असा आवाज यायचा. एक हंडा भरायला किती वेळ लागला हे मी मोजलं नाही. मोजायचं धैर्यच झालं नाही. पाण्याच्या झऱ्याला पुन्हा पाझरायला वेळ द्यावा लागतो म्हणून ती मुलगी मधेच नुसती बसून राहायची. वॉचमनच्या बायकोने सांगितलं की शिमग्यानंतर हे असंच, मृग येईपर्यंत. आणि वर त्या साइटवर? तिथे टँकर येतो. आज टँकर येतो कारण बिल्डरला फ्लॅट विकायचे आहेत. सगळे विकून तो निघून गेला की टँकरचे पैसे राहणाऱ्यांच्या मेंटेनन्समधून जाणार.

तुला वाटेल, इगतपुरीत पाण्याला काय तोटा? वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. धरणंही केवढी! दारणा तर इंग्रजांच्या काळातलं, १९१६ सालचं. भावली आहे, मुकणे आहे, वैतरणा आहे. पण ते पाणी तिथे थांबायचं नाही. वैतरणेचं मुंबईला जातं, दारणेचं गोदावरीकडे. आणि जमीन म्हणशील तर वर वीतभर माती, खाली काळा पाषाण. पाऊस पडला की धो धो वाहून जातो, जिरत नाही. शेजारच्या शहापुरात बघ ना, भातसा आणि तानसा मुंबईची तहान भागवतात आणि तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. हे आपण दर वर्षी पेपरात वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. पण तिथे घर घेताना आपणही त्या पाण्याचे वाटेकरी होणार असतो. तुझ्या सोसायटीचं बोअर पाचशे फूट खाली गेलं, तर तिथल्या अशाच एखाद्या विहिरीतला झरा राहील का, याचा विचार मला त्या दिवशी पहिल्यांदा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते, डोंगरातलं घर बघायचा खरा महिना हाच. पावसाळ्यात आणि दिवाळीत सगळ्याच जागा गोड दिसतात. पाण्याचं खरं काय ते चैत्र-वैशाखात कळतं. दुपारी बाराला जा. आधी गावातली विहीर बघ, मग फ्लॅट. नळ सोडून बघ, पण नळाला पाणी येतं यावर खूश होऊ नकोस. पाणी येतं कुठून ते विचार: ग्रामपंचायतीची योजना, नगर परिषदेची लाइन, बोअर की टँकर? लाइन असेल तर जोडणीची मंजुरी कागदावर दाखवा म्हण. "येणार आहे" हे उत्तर नाही. आणि हे सेल्स ऑफिसातल्या पोराला विचारू नकोस, त्या बिचाऱ्याला कमिशनवर पोट भरायचं असतं. किराणा दुकानदाराला विचार, पिठाच्या गिरणीवर विचार, आधीपासून राहायला आलेल्या एखाद्या बाईला गाठ.

आता आमची गोष्ट ऐक. ही तुला अर्धीच माहीत आहे. माझ्या पाटल्या कुठे गेल्या असं आई विचारायची आणि मी "लॉकरमध्ये" म्हणायचे. त्या लॉकरमध्ये नव्हत्या. त्या मोडून आम्ही कसाऱ्याच्या अलीकडे पाच गुंठ्यांच्या प्लॉटचं बुकिंग केलं होतं. तेव्हाही उन्हाळाच होता. आंब्याची दोन झाडं, मागे ओढा, पाट्या लावलेल्या, चुन्याने आखलेले रस्ते. कागद म्हणून मिळाला नोटरी केलेला करारनामा आणि त्यावर लिहिलेलं, "प्रस्तावित बिनशेती." या प्रस्तावित शब्दाने आमचा घात केला. सातबारा मागितला की "प्रोसेसमध्ये आहे" म्हणायचे. शेवटी तुझ्या भावजींनी स्वतः तलाठी कार्यालयात जाऊन उतारा काढला तेव्हा कळलं, जमीन आदिवासी कुटुंबाच्या नावावर होती. ज्याने आम्हाला विकली त्याच्याकडे नुसतं कुलमुखत्यारपत्र. पैसे परत मिळायला तीन वर्षं लागली, तेही तुकड्यातुकड्यांनी, व्याज नाही. पाटल्या पुन्हा झाल्याच नाहीत.

पैशांपेक्षाही मला लागलं ते वेगळंच. भावजी त्या कुटुंबाला भेटून आले. त्यांना आपल्या जमिनीवर चुन्याच्या रेघा का मारल्यात हेच माहीत नव्हतं. वर्षाची नागली-वरई पिकवायचा तेवढाच तुकडा. कुणीतरी कसल्याशा कागदावर अंगठे घेऊन गेलेलं. आणि आम्ही तिथे झोपाळा कुठे बांधायचा ते ठरवत होतो.

म्हणून कागदांचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, कंटाळू नकोस. १९७४ सालापासून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर कलेक्टरची परवानगी लागते, आणि तीही शासनाची मान्यता घेऊन. तशी परवानगी नसेल तर व्यवहारच टिकत नाही, जमीन मूळ कुटुंबाकडे जाऊ शकते. मुखत्यारपत्राचंही तसंच. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच स्पष्ट सांगितलंय की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी बदलत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. इगतपुरी, शहापूर, आपला भिवंडीचा ग्रामीण भाग, सगळीकडे ठाकर, महादेव कोळी, वारली, कातकरी लोकांच्या जमिनी आहेत. तेव्हा इमारत कितीही पक्की दिसो, तिच्याखालची जमीन आधी कुणाची होती हे बघायचंच.

सातबारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांत. तुझ्या मुलीला सांग, ती मोबाइलवर काढून देईल. त्यात नाव तर बघच, पण "इतर हक्क" हा रकाना नीट वाच. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, कोर्टाची नोंद, सगळं तिथे दडलेलं असतं. भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघ. वर्ग २ असेल तर विकायला सरकारची परवानगी लागते. मग जुने फेरफार काढ, निदान तीस वर्षं मागे जा. हे वकिलाकडून करून घे, पण बिल्डरने सुचवलेल्या वकिलाकडून नको. आपल्या ओळखीचा, आपण फी दिलेला.

फेरफार वाचताना एक गोष्ट तू बाई म्हणून आवर्जून बघ. विकणाऱ्याच्या बहिणींची नावं. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. कित्येक ठिकाणी भाऊ परस्पर विकून मोकळे होतात, आणि मग बहीण किंवा तिची मुलं कोर्टात उभी राहतात. हक्कसोड पत्र आहे का, तिने स्वतः निबंधकासमोर येऊन सही केलीय का, हे विचार. तिचा वाटा बुडवून उभ्या राहिलेल्या भिंतीत तुला झोप लागणार नाही, तुला मी ओळखते.

प्लॉटचं कुणी मधेच गळी उतरवलं, "फ्लॅटपेक्षा फार्महाउसची जागा घ्या, ताई", तर आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, हे लक्षात ठेव. कुळकायद्याचं कलम ६३. तुझ्या सासऱ्यांचं सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून तुम्हाला ती अडचण नाही. उलट माझं म्हणणं, रस्त्यात गेलेली सोडून जी काही जमीन उरलीय तिचा शेवटचा तुकडा कुणी कितीही भाव दिला तरी विकू नका. शेतकरी ही ओळख एकदा गेली की परत मिळवणं फार कठीण. आणि गुंठ्या-गुंठ्याने तोडून विकलेली शेतजमीन असेल तर तुकडेबंदी कायदा आडवा येतो. तो १९४७ चा, त्यात मधूनमधून बदल होत आलेत, म्हणून तुमच्या तुकड्याला आज कोणता नियम लागू आहे ते तहसील कार्यालयातच विचारायचं.

फ्लॅटला महारेराचा नंबर हवा. पाचशे चौरस मीटरच्या वरची जागा किंवा आठाहून जास्त फ्लॅट असतील तर नोंदणी सक्तीची आहे, प्लॉट पाडून विकायचे असले तरीही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापावा लागतो. तुझ्या त्या गुळगुळीत कागदावर तो आहे का बघ, आणि नुसता आहे म्हणून समाधान मानू नकोस, स्कॅन कर. ताबा कधी देणार म्हणून त्याने सरकारला कोणती तारीख दिलीय, जमिनीवर दावे किती, मंजूर नकाशा काय, सगळं उघडं असतं. तुला सांगितलेली तारीख आणि तिथली तारीख जुळते का, एवढं जरी बघितलंस तरी माणूस कळतो. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत त्यांना. "पाडव्याचा भाव टिकवायचा तर वीस टक्के आत्ता भरा" असं कुणी म्हटलं, तर उठून चालू लाग.

हां, आणि नाव. करारावर तुझं नाव हवं. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे पैसे सासऱ्यांचे, कर्ज तुझ्या घरच्यांच्या पगारावर, हे सगळं मान्य. पण तू चौदा वर्षं घरात शिलाई करून हप्ते भरलेस, ते कुठे लिहिलंय? घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. नवऱ्याबरोबर जोडनाव असेल तर ती मिळत नाही, आणि नुसत्या प्लॉटलाही नाही. तीस लाखांच्या घरावर तीस हजार वाचतात. सासूबाईंना हे तीस हजार आधी सांग, मग नावाचा विषय काढ. त्या हिशेबी आहेत, ऐकतील.

हिशेबावरून आठवलं. तू म्हणालीस, "ताई, हप्ता फक्त वीस हजार." समजा दहा लाख तुम्ही घातलेत आणि वीस लाख कर्ज काढलंत, पंधरा वर्षं, नऊ टक्क्यांनी. हप्ता वीस हजार तीनशेच्या घरात जातो. वर्षाचे झाले दोन लाख त्रेचाळीस हजार. मेंटेनन्स महिना तीन हजार धर, आणखी छत्तीस हजार. आता प्रामाणिकपणे सांग, वर्षातून किती रात्री तिथे राहाल? मे महिन्यात आठ दिवस, दिवाळीत चार, मधून दोन-चार शनिवार-रविवार. वीस रात्री धरल्या तर एका रात्रीला चौदा हजार रुपये पडले, तुमचे घातलेले दहा लाख वेगळेच. तेवढ्यात तुम्ही सगळे, सासू-सासऱ्यांना घेऊन, दर वर्षी महाबळेश्वरला चांगल्या ठिकाणी आठवडाभर राहून याल, आणि घरी येऊन झाडू मारावा लागणार नाही. भाड्याने देऊ म्हणतात सगळे. पण चाव्या कोण देणार, चादरी कोण धुणार, पाहुण्यांनी गोंधळ घातला तर रात्री फोन कुणाला येणार? तुलाच. सोसायटीने परवानगी दिली पाहिजे ते वेगळंच.

आणि वर्षभर बंद राहिलेलं घर. जून ते सप्टेंबर तिथे ढग घरात येतात म्हणतात ते ऐकायला छान आहे. गाद्यांना बुरशी धरते, कपाटाची दारं फुगतात, भिंतीतून पाणी झिरपतं. म्हणून उन्हाळ्यात पाणी बघितल्यावर एकदा जुलैमध्ये ओल बघायलाही जायचं, त्याच बिल्डरच्या आधीच्या एखाद्या इमारतीत. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचं छत बघ. तिथे सगळं लिहिलेलं असतं.

थंड हवेचं ठिकाण ही गोष्ट मुळात कुणासाठी झाली, तेही मनात येतं माझ्या. १८५० च्या मे महिन्यात आपल्याच ठाणे जिल्ह्याचा कलेक्टर, ह्यू मॅलेट, माथेरानच्या डोंगरावर चढला. मग साहेब लोक आले, मुंबईचे शेठ आले, बंगले झाले. ते येत ते आख्ख्या मोसमासाठी, आचारी-माळी घेऊन. आपल्यासारख्या, शनिवारी दुपारी निघून रविवारी रात्री परतणाऱ्या माणसांसाठी ती घरं नव्हतीच. पुढे बांधकाम इतकं वाढलं की महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केलं. तिथे बंधनं आली, तशी बिल्डरांची नजर आजूबाजूच्या डोंगरांवर गेली. पश्चिम घाटातल्या गावांचीही अशीच एक मसुदा यादी केंद्राने काढलेली आहे. तुझ्या फ्लॅटचं गाव त्यात आहे का, हेही वकिलाला विचारायचं. उद्या नियम बदलले तर दुसरा टप्पा, क्लब हाउस, स्विमिंग पूल, सगळं कागदावरच राहील. पोहायचा तलाव! तशा विहिरींच्या गावात!

आता शेवटचं, आणि हे मी जड मनाने लिहितेय. तुमच्या आत्ताच्या बिल्डिंगचा भोगवटा दाखला तुम्ही कधी बघितलाय का? जिन्याच्या कोपऱ्यातली तडा गेलेली बीम, जिच्यावर दर पाडव्याला नवा रंग मारतात, ती मी गेल्या तीन वर्षांपासून बघतेय. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या भिवंडीतल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग पहाटे झोपेत कोसळली, तेव्हा आपण दोघी रात्रभर फोनवर होतो. जवळपास चाळीस माणसं गेली गं. त्यातली बरीच लेकरं. आपल्या गावात माणूस वर्षाचे तीनशे पंचेचाळीस दिवस ज्या छपराखाली झोपतो त्याचा कागद विचारत नाही, आणि वीस दिवसांच्या घरासाठी कर्ज काढतो. मला विचारशील तर आलेल्या मोबदल्यातला पहिला रुपया या बिल्डिंगच्या स्ट्रक्चरल ऑडिटला जाऊ दे. दुरुस्ती लागली तर ती आधी. किंवा आपल्याच शहरात, दाखला असलेल्या नव्या इमारतीत, वारा येईल अशी वरच्या मजल्यावरची जागा बघा. मोबदला एकदाच येतो. जमीन गेली ती काही परत येणार नाही.

एवढं सगळं बघूनही इगतपुरीचं घर पटलं, पाणी कागदावर निघालं, जमीन स्वच्छ निघाली, आणि तुम्हाला खरंच तिथे जाऊन राहायचं असेल, तर घे. मग मीच पहिली येईन, पडदे शिवून आणीन, आईचा फोटो तुझ्या गॅलरीत लावू. पण चार वर्षांनी दुप्पट होईल म्हणून घेणार असशील तर मुळीच नको. चार वर्षांनी याच डोंगरावर नवे फ्लॅट उभे असतील, आणि गिऱ्हाईक तुझा जुना सोडून ते बघायला जाईल.

येत्या रविवारी सकाळी आठला आपण दोघीच निघू, मी गाडी सांगून ठेवते. तुझ्या घरच्यांना म्हण, ताईबरोबर जातेय. सातबाऱ्याचा गट नंबर त्या लोकांकडून आजच मागून घे आणि मला पाठव, मी उतारा काढून आणते. टोपी आणि पाण्याची बाटली घे. बाराच्या उन्हात पहिल्यांदा विहिरीवर जाऊ. तोपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नकोस.